मुलगी रडायला लागली, म्हणजे उपचार चुकतोय का?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही डिचोलीजवळ राहतो. माझं माहेर चोडणचं. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. गेल्या वर्षी तिने श्रावणी सोमवार धरले आणि तेव्हापासून तिचं जेवण कमी होत गेलं. 'एवढीशी पोर, पण किती कडक उपास करते' म्हणून आम्हीच कौतुक केलं. दिवाळीपर्यंत शीत (भात) सुटलं, मग मासे सुटले. स्वतः खायची नाही, पण धाकट्या भावाला रोज नवीन काहीतरी करून घालायची. मे महिन्यात एवढ्या उकाड्यात स्वेटर घालून बसायची. हायर सेकंडरीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सिया सांगितला, म्हणजे वजनाच्या भीतीने जेवण टाकत जाण्याचा आजार. आता वजन थोडं वाढलं आहे, घरी आहे.

डॉक्टरांनीच एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. दर आठवड्याला आम्ही दोघी कदंबा बसने पणजीला जातो. त्या बाई तिच्यासमोर रिकामी खुर्ची ठेवतात आणि तिच्या मनातल्या 'आवाजाशी' बोलायला लावतात. माझी मुलगी गप्प, शहाणी, कधी उलट शब्द न बोलणारी. आता घरी येऊन रडते, दार आपटते. परवा मला म्हणाली, "तुला मी कधी दिसलेच नाही." हे म्हणतात, पैसे देऊन मुलगी बिघडवून घेतोय, आधी नीट जेवू दे, भावनांचं नंतर बघू. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. गणपतीची चवथ महिन्यावर आली आहे, घर पाहुण्यांनी भरेल. माझं काय चुकलं तेच कळत नाही. थेरपी थांबवू का?

एक आई

उत्तर

थेरपी थांबवू नका.

यजमानांचं अर्धं म्हणणं मात्र बरोबर आहे. जेवण आधीच. 'भावनांचं नंतर बघू' एवढंच मला मान्य नाही. या आजारात दोन्ही एकाच वेळी चालावं लागतं. वजन, नाडी, रक्त डॉक्टर बघतील, मनाचं काम त्या बाई करतील, आणि रोजची चार-पाच खाणी व त्यांच्या मधले तास तुमच्या घरात निभावले जातील. सगळ्यात जड वाटा तुमचाच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

आधी शरीराचं. मानसिक आजारांपैकी सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. काही जण उपासमारीने जातात, काही आत्महत्येने. त्यामुळे ती थेरपीला कितीही नीट जात असली तरी वजन दर आठवड्याला व्हायलाच हवं, आणि तेही घरातल्या काट्यावर नको, डॉक्टरांकडे. घरच्या काट्याचं तर मी म्हणेन, शेजारी देऊन टाका. पुन्हा चक्कर आली, छातीत धडधडलं, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, जेवणानंतर उलटीची शंका आली, रात्री दार लावून व्यायाम चालल्याचं कळलं, वजन लागोपाठ उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बेशुद्ध पडली तर १०८ ला फोन. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. या आजारात शरीर बरेच दिवस सगळं सांभाळून घेतं आणि मग एकदम हात टेकतं. आणि मध्ये कधी तिने पुन्हा बरेच दिवस जेवण टाकलं, तर त्याची भरपाई म्हणून घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. दीर्घ उपासानंतर अचानक पोटभर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तुम्ही लिहिलंय की ती स्वतः न खाता भावाला नवनवीन करून घालायची. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धाने उपाशी पडलेल्या माणसांना पुन्हा कसं उभं करायचं हे शिकण्यासाठी ते स्वखुशीने आले होते. त्यांचं वजन साधारण पावपट घटलं. आणि काय झालं? ही चांगली हसतीखेळती पोरं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, एकेक जेवण तासन्‌तास चघळत बसू लागली, उन्हाळ्यात थंडीने कुडकुडू लागली, चिडकी झाली, मित्रांपासून तुटली, उदास झाली. त्यांच्यापैकी कुणालाही अ‍ॅनोरेक्सिया नव्हता. हे सगळं नुसत्या भुकेने केलं. म्हणून तुमच्या मुलीचा स्वेटर, तिची स्वयंपाकाची ओढ, तिचं एकलकोंडेपण हा तिचा स्वभाव समजू नका. पोटात अन्न गेल्याशिवाय यातलं बरंचसं जाणार नाही, आणि उपाशी मेंदूला थेरपीतलं बोलणंही फारसं पोचत नाही. यजमानांचं बरोबर आहे म्हणते ते एवढ्यासाठी.

आता त्यांना जे दिसत नाही ते. तुमची मुलगी 'शहाणी' होती असं तुम्ही लिहिता. गप्प, न रडणारी, कधी न रागावणारी. मला या ओळीने जास्त काळजी वाटली, दार आपटण्याने नव्हे. अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या पुष्कळ मुलींना (आणि मुलांनाही, त्यांचं निदान उशिरा होतं एवढंच) आपल्याला काय वाटतंय ते ओळखताच येत नाही. विचारलं तर म्हणतात, "काही नाही." हे उत्तर खोटं नसतं. उपासमारीने भावना खरोखरच बोथट होतात, आणि ज्या मुलीला आतली लाज, भीती, दुःख सोसत नाही तिला हा बधिरपणा हवाहवासा वाटतो. वर एक कर्तबगारीची भावनाही मिळते: सगळ्यांना जमत नाही ते मला जमतं. श्रावणातल्या कौतुकाने त्यात भर घातली असेल. पण कौतुकाने आजार झाला नाही, हे इथेच सांगून ठेवते. घरोघरी मुली सोमवार करतात आणि मंगळवारी पाव-भाजीवर ताव मारतात.

तुमचं माहेर चोडणचं, त्यामुळे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधातली मानस (पाणी सोडायची-अडवायची दारं) तुम्हाला ठाऊक आहे. तिची दारं ऐन पावसात अडकून राहिली तर आतलं पाणी साचून शेत कुजतं, आणि मग दारं उघडल्यावर पहिलं येतं ते गढूळ, वास मारणारं पाणीच. तुमच्या घरी सध्या ते पाणी येतंय. पणजीच्या बाईंनी दार किलकिलं केलं आहे.

त्या जे करतात त्याला भावना-केंद्रित मानसोपचार म्हणतात. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात ही पद्धत उभी केली. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतलं मनापासून ऐकून घेणं आणि गेस्टाल्ट नावाच्या उपचारपद्धतीतलं खुर्च्यांचं काम, असे दोन धागे त्यात एकत्र आले आहेत. पुढे जोआन डोल्हँटी यांनी ग्रीनबर्ग यांच्यासोबत ती खाण्याच्या आजारांसाठी वापरली, आणि अडेल लाफ्रान्स यांच्या जोडीने आईवडिलांना उपचारात ओढून घेणारी तिची शाखाही तयार केली. तुमच्यासाठी ही शाखा महत्त्वाची, तिच्याकडे येतेच.

खोलीत नेमकं काय चालतं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. दाराबाहेर बाकावर बसून आतलं रडणं ऐकायचं, यासारखा छळ नाही. म्हणून सांगते.

समजा, ती आत जाऊन म्हणते, "आज खूप जाड वाटतंय." कालचं आणि आजचं वजन तेच. थेरपिस्ट वजनावर वाद घालत नाही, 'तू कुठे जाड आहेस' असंही म्हणत नाही. ती विचारते, आज हे केव्हा सुरू झालं? सकाळी उठल्याबरोबर? की फिजिक्सचा पेपर हातात पडला तेव्हा? की मैत्रिणींनी बसमध्ये जागा धरली नाही तेव्हा? बहुधा असा एखादा क्षण सापडतो. मग ती मुलीला त्या क्षणाशी थांबवते. अंगात कुठे काय झालं? घसा दाटला? पोटात गोळा आला? हळूहळू कळतं की 'जाड' या शब्दाखाली लाज होती, किंवा एकटेपण होतं. लाजेला लाज म्हणून ओळखता आलं की तिच्यासाठी काहीतरी करता येतं. जाडीवर तिला एकच उपाय माहीत आहे, न जेवण्याचा.

या पद्धतीत भावना सगळ्या एका मापाने मोजत नाहीत. वरवर दिसणारी चिडचिड किंवा 'काही उपयोग नाही' ही हताशा बऱ्याचदा दुसऱ्या कशावर तरी घातलेलं झाकण असतं. त्याच्या खाली जुनी, रुतून बसलेली लाज सापडते: माझ्यातच काहीतरी खोट आहे. ही लाज युक्तिवादाने हलत नाही. 'तू किती हुशार, तुला काय कमी आहे' हे तुम्ही शंभर वेळा म्हणाला असाल, आणि शंभर वेळा ते भिंतीवर आपटून परत आलं असेल. ग्रीनबर्ग यांचं मुख्य म्हणणं असं की भावना भावनेनेच बदलते. लाजेच्या जागी तिला आतून काहीतरी दुसरं जिवंत जाणवावं लागतं. जे मिळालं नाही त्याचं दुःख, 'पुरे आता' म्हणणारा सरळ राग, स्वतःविषयीची माया. पण आधी त्या लाजेपर्यंत जावं लागतं. ती टाळून पुढे जाता येत नाही. तुम्ही बाहेर जे रडणं ऐकता ते बहुतेक तिथलं असतं.

खुर्च्यांचं म्हणाल तर, मुलगी एका खुर्चीवर बसून मनातल्या त्या टोचणाऱ्या आवाजाची भूमिका घेते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवरच्या स्वतःला बोलते. "आज दोन घास जास्त गिळलेस. तुला लाज नाही. तू कुणाला नको आहेस." हे मोठ्याने ऐकताना तिला स्वतःलाच पहिल्यांदा कळतं की आपण दिवसभर काय ऐकत असतो. मग ती खुर्ची बदलते. हे ऐकून काय वाटतं? सुरुवातीला काहीच नाही, किंवा 'बरोबरच आहे त्याचं.' त्यानंतर खांदे पडतात, रडू येतं. कधी पाचव्या, कधी पंधराव्या खेपेला राग येतो: "गप्प बस. मला परीक्षा द्यायची आहे, मला जगायचं आहे." ज्या मुलीला राग म्हणजे पाप असं वाटत आलंय, तिच्यासाठी हा केवढा मोठा पल्ला. आणि नंतर, नेहमी नाही पण पुष्कळदा, आवाजाच्या खुर्चीवरून वेगळंच काही बाहेर पडतं. तो आवाज घाबरलेला असतो. "मी सोडलं तर तुला सगळे हसतील. मी तुला जपतोय." तिथून दोन बाजूंची बोलणी सुरू होतात. आवाजाला शत्रू ठरवून हाकलायची घाई चांगला थेरपिस्ट करत नाही, कारण मुलीला तो आजवर कामाला आलेला असतो. लंडनच्या मॉड्सली इस्पितळाच्या परंपरेतले लोक याचसाठी रुग्णांकडून आजाराला दोन पत्रं लिहून घेतात, एक मित्र समजून आणि एक शत्रू समजून. मित्राला लिहिलेलं पत्र आईवडिलांना वाचवत नाही, पण मुलगी आजार सोडायला का घाबरते हे त्यातूनच समजतं.

जाता जाता एक. तुमचं पत्र मराठीत आहे, घरात मात्र तुम्ही कोंकणीच बोलत असणार. आपल्याकडे थेरपी पुष्कळदा इंग्रजीत चालते, विशेषतः पणजीत. इंग्रजीत मुली फार समंजस बोलतात, रडू येत नाही त्यांना. आतला आवाज ज्या भाषेत रागावतो त्याच भाषेत खुर्चीवर बोलायला हवं. त्या बाईंना कोंकणी येत असेल तर एवढी सूचना जरूर करा.

आता "तुला मी कधी दिसलेच नाही" या वाक्याकडे. तुमच्या काळजात ते घुसलं आहे हे पत्रावरून कळतं.

पहिली गोष्ट, आईमुळे अ‍ॅनोरेक्सिया होतो ही जुनी समजूत मानसोपचाराने केव्हाच मागे टाकली आहे. आजाराचा कल काही अंशी जन्मतःच येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे १७,००० रुग्णांची जनुकं तपासली गेली आणि या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यांचे धागे मानसिक आजारांइतकेच शरीराच्या चयापचयाशीही जुळतात. तेव्हा 'माझं काय चुकलं' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तो तुम्हाला थकवतो, आणि थकलेली आई जेवणाच्या वेळी ढिली पडते.

दुसरी गोष्ट, खुर्चीवर तुम्हाला कल्पनेने बसवलं गेलं असेलही. मनात राहून गेलेलं बोलण्यासाठी थेरपीत आई, बाबा, आजी, कुणीही त्या खुर्चीवर येतं. तिथे खटला चालत नाही. मूल बोलून मोकळं होतं आणि बऱ्याचदा त्याच माणसाची बाजूही बघायला शिकतं. तुमची मुलगी ते बोलणं खोलीबाहेर घेऊन आली, थेट तुमच्यापुढे. जिच्यावर विश्वास नाही तिच्याशी असं कुणी बोलत नाही.

मग उत्तर काय द्यायचं? 'तुझ्यासाठी एवढं केलं आणि' हे आधी ओठांवर येईल, ते गिळा. 'नाही गं, असं काय म्हणतेस, तू तर आमचं सर्वस्व' हेही नको, त्यात तिचं म्हणणं खोटं ठरतं. लाफ्रान्स आणि डोल्हँटी पालकांना एक साधी युक्ती शिकवतात: मुलाच्या वाटण्याला 'पण' लावायचा नाही, 'कारण' लावायचं, आणि तेही एकदा लावून सोडायचं नाही, दोन-तीनदा. म्हणजे काहीसं असं:

"तुला मी पाहिलंच नाही असं वाटलं, ते मला समजतं. कारण तू कधी त्रास दिला नाहीस आणि माझं सगळं लक्ष धाकट्याच्या मागे गेलं. कारण तुझे मार्क चांगले आले की आम्ही पेढे वाटले आणि पुढे काही विचारलं नाही. कारण उपासाने सुकत होतीस तेव्हाही आम्ही शाबासकीच दिली."

यातल्या 'कारणां'त तुमच्या घरचं खरं घाला, माझी वाक्यं पाठ करू नका. बोलून झालं की गप्प बसा. ती रडेल, कदाचित म्हणेल 'आता काय उपयोग.' त्यालाही 'कारण'च लावा. सल्ला लगेच देऊ नका. वादळ जरा ओसरलं की मग साध्या आवाजात: "चल, पाच वाजले, तुझं दूध आणि केळं घेऊ. मी बसते बरोबर." हे दुसरं वाक्य विसरलात तर पहिली सगळी मेहनत आजार स्वतःच्या खात्यात जमा करून घेईल. रडली म्हणून खाणं माफ, असं एकदा जरी झालं तर रोज रडणं येईल, आणि त्यात तिचा लबाडपणा नसेल.

ताटावर मात्र भावनांचं बोलणं काढू नका. जेवताना क्रिकेट, मांजर, शेजाऱ्यांची नवी गाडी, काहीही चालेल. कॅलरी, वजन, 'बघ किती छान जेवलीस', यातलं काही नको. डायटिशियनने ठरवून दिलेलं ताट वाढायचं आणि ते संपेपर्यंत मायेने, न हलता बसायचं. "कठीण जातंय ते दिसतंय मला. पुढचा घास." एवढंच. खरी परीक्षा नंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाची असते, तेव्हा तिच्या मनातला आवाज सगळ्यात मोठा असतो. त्या वेळी तिला एकटी सोडू नका. सासूबाईंना हे काम देता येईल. त्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहरीने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त दुपारच्या जेवणानंतर नातीला घेऊन पत्ते खेळायला बसणं ही जबाबदारी त्यांची, आणि 'किती सुकली पोर' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत ही अट.

यजमानांबद्दल दोन शब्द. ते 'पैसे देऊन बिघडवून घेतोय' म्हणतात त्यामागे मला भीती दिसते. मुलगी जिन्यात पडली तो दिवस त्यांच्याही डोक्यातून गेला नसेल, आणि आपल्याकडच्या पुरुषांना भीती सहसा रागाच्या तोंडूनच सांगता येते. आईवडिलांना सोबत घेणाऱ्या त्या शाखेत पालकांच्या भीतीवर वेगळं काम करतात, कारण तीच घरात घोळ घालते. एकाला वाटतं दाबलं तर मुलगी जिवाचं काही करून घेईल, म्हणून तो ताटातलं अर्धं सोडू देतो. दुसऱ्याला वाटतं सोडलं तर ती मरेल, म्हणून तो ओरडतो. मुलगी दोघांच्या मध्ये, आणि आजाराला मोकळं रान. तुमच्यातली ही दुफळी आधी त्या बाईंसमोर मांडा. रोजचं एक खाणं यजमानांनी तिच्यासोबत करावं, न ओरडता. आणि मुलगी मरणाचं बोलली, स्वतःला इजा करताना आढळली, तर ते 'रागाच्या भरात म्हणाली' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर, किंवा बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे तिथलं सरकारी मनोरुग्णालय. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तो तुमच्यासाठीही आहे.

चवथीचं. या वर्षी तिला तयेचा (हरतालिकेचा) उपास नाही, पुढचा श्रावणही नाही. आजारी माणसाला उपास सुटलेला असतो हे सांगायला भटजींची गरज लागू नये, पण मुलीला पटत नसेल तर भटजींकडून वदवून घ्या, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पाहुण्यांना आधीच फोन करा. तिच्या शरीराबद्दल कुणी बरं-वाईट काहीही बोलायचं नाही. 'आता छान भरलीस' हे आत्येला कौतुक वाटतं, मुलीच्या कानात मात्र ते 'जाड झालीस' असं पोचतं आणि पुढचे तीन दिवस ताट जड होतं. नेवऱ्या, मोदक, खतखतं यातलं काय आणि किती, ते डायटिशियन आणि मुलगी मिळून आधीच ठरवू द्या, म्हणजे पंगतीत ऐनवेळी घासाघीस नको. नेवऱ्या करायला ती उत्साहाने बसेल. बसू द्या, पण आपल्या वाट्याची खाल्ल्याशिवाय वाढायला उठायचं नाही. तिला गर्दी असह्य झाली तर आतल्या खोलीत जायची मुभा असू द्या, तुमच्यापैकी एक जण सोबत. गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधायच्या कामात तिला घेतलं तर चांगलं. हात गुंततात, आणि खाण्याशी त्याचा संबंध नाही.

आता थोडं कडू. भावना-केंद्रित उपचारावर माझा विश्वास आहे, तरी अ‍ॅनोरेक्सियात तो एकटा पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. या आजारासाठी त्याचे अभ्यास अजून छोटे आहेत. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात कोवळ्या वयातल्या रुग्णांसाठी पहिली पसंती कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराला आहे, ज्यात सुरुवातीला जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हाती असतात. भावना-केंद्रित पद्धतीचं नाव त्या यादीत नाही. तेव्हा तुमच्या मुलीला कुटुंबासह उपचार हवाच, आणि खुर्च्यांचं काम त्याच्या जोडीला.

म्हणून पुढच्या खेपेला त्या बाईंना मोकळेपणाने विचारा. तुमचं आणि डॉक्टरांचं आपसात बोलणं होतं का? वजन घसरलं तर खुर्च्यांचं काम थांबवून आधी जेवणावर जोर देणार का? आम्हाला आत केव्हा घेणार? भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारायला संकोच करू नका. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. रोज घरी काय होतं ते चार ओळींत लिहून न्या: किती खाल्लं, कशावरून रडली, रडल्यावर किती वेळाने सावरली. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महिन्याभरापूर्वी दार आपटून रात्रभर बंद राहणारी मुलगी आता तासाभरात बाहेर येऊन दूध घेत असेल, तर काम चाललंय. रडणं वाढतंय आणि खाणंही कमी होतंय, असं दोन आठवडे दिसलं तर मात्र योजना बदलायला सांगा. सत्राच्या संध्याकाळी ती थकलेली, हळवी असणारच. त्या दिवशी ट्यूशन नको.

किती दिवस लागतील असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. महिने लागतात, कधी वर्षंही. मध्ये पाय घसरतो. बारावीचं वर्ष हातचं गेलं तर जाऊ द्या, मार्च पुढच्या वर्षीही येतो. आणि यजमानांना सांगा, थांबवायचं की नाही ते नंतर ठरवू, आधी दोन वेळा सोबत चला आणि आत बसा.